कॉन्डो असोसिएशनला एफएचए मान्यता कशी मिळवायची: ९६ घरांच्या एका ट्रेझररचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकूंनी घर विकायला काढलं. काका गेल्यावर मध्य न्यू जर्सीतलं ते दोन बेडरूमचं कॉन्डो त्यांना एकटीला मोठं पडायला लागलं होतं, आणि मुलीकडे टेक्सासला कायमचं जायचं ठरलं होतं. आठवड्याभरात गिऱ्हाईक मिळालं. हॉस्पिटलात नर्स असलेली तरुण मुलगी, पगार चांगला, पण हातात रोकड थोडी, म्हणून एफएचए लोन. काकूंनी डबे-बरण्या वाटायलाही सुरुवात केली. बाराव्या दिवशी लोन ऑफिसरचा फोन आला, "मुलीचं सगळं ठीक आहे. तुमचं कॉम्प्लेक्स यादीत नाही."

कसली यादी, हे काकूंना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तेव्हा असोसिएशनच्या बोर्डावर ट्रेझरर होतो! शोधाशोध केल्यावर कळलं की आमच्या ९६ घरांच्या कॉम्प्लेक्सला ही मान्यता एकेकाळी होती. मुदत संपून चार वर्षं झाली होती आणि ती पुन्हा घ्यावी लागते, हे जुन्या बोर्डाने नव्या बोर्डाला सांगितलंच नव्हतं. सौदा मोडला. काकूंचं घर पुढे तीन महिन्यांनी, थोड्या कमी भावात गेलं. ती मान्यता परत मिळवायला मला पाच महिने लागले. त्यातले निम्मे कुठला कागद कुठे मिळतो हे शोधण्यातच गेले. तुमचे तरी जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी थोडी ओळख. एफएचए म्हणजे फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, १९३४ साली सुरू झालेली आणि १९६५ पासून 'हड' या केंद्रीय गृहनिर्माण खात्याखाली असलेली संस्था. ती कर्ज देत नाही, बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवते. हप्ते थकले आणि घर गेलं तर बँकेचं नुकसान ती भरून देते. म्हणून बँक ५८० क्रेडिट स्कोअरवरही साडेतीन टक्के डाउन पेमेंट घेऊन कर्ज देऊ शकते. याचा खर्च कर्जदाराच्याच माथी असतो: सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के, शिवाय दरवर्षी प्रीमियम, जो २०२३ पासून बहुतेकांना ०.५५ टक्के पडतो.

स्वतंत्र घर असेल तर एफएचए कर्जदार बघते आणि घर बघते. कॉन्डोच्या बाबतीत त्यात तिसरी भर पडते ती असोसिएशनची. पुण्या-मुंबईत बँक सोसायटीची एनओसी मागते. इथे एनओसीवर भागत नाही, अख्ख्या सोसायटीची पत्रिका बघतात. कारण छत गळालं, लिफ्ट पडली किंवा निम्म्या लोकांनी मेंटेनन्स भरला नाही, तर त्याचा बोजा शेवटी त्या एका कर्जदारावरही येतो.

व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २५ मे २०२५ पासून एफएचएचं कर्ज फक्त नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि काही मोजक्या इतर गटांना मिळतं. एच-वन-बीवरच्या माणसाला आता ते मिळत नाही. पण "मग मला काय त्याचं" असं म्हणून हा लेख बंद करू नका. तुम्ही कॉन्डोचे मालक असाल तर उद्या तुमचं घर घेणारा बहुधा पहिल्यांदाच घर घेणारा असेल, आणि अशा गिऱ्हाइकांत एफएचएवाले पुष्कळ असतात.

१. यादीत नाव बघा, पण नीट बघा

हडच्या संकेतस्थळावर कॉन्डो शोधायचं पान सगळ्यांसाठी खुलं आहे. राज्य, झिप कोड किंवा प्रकल्पाचं नाव टाकलं की मान्यताप्राप्त, मुदत संपलेले, नाकारलेले, मागे घेतलेले असे प्रकल्प दिसतात. यादीत नाव नसणं ही अपवादाची गोष्ट नाही. २०१९ मध्ये हडनेच सांगितलं होतं की देशातल्या दीड लाखाहून अधिक कॉन्डो प्रकल्पांपैकी जेमतेम ६.५ टक्के मान्यताप्राप्त आहेत.

फाटकावरच्या पाटीवरचं नाव टाकून शोधू नका, झिप कोडने शोधा. मास्टर डीडमधलं कायदेशीर नाव बहुतेक वेळा वेगळं असतं. मास्टर डीड म्हणजे अख्ख्या कॉन्डो प्रकल्पाचा नोंदवलेला मूळ दस्त; आपल्याकडे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली जे डिक्लेरेशन करतात, त्याचाच हा भाऊ. शिवाय बिल्डरने कॉम्प्लेक्स टप्प्याटप्प्याने बांधलं असेल तर प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळी असू शकते. आमच्या रिअल्टरने पहिल्या टप्प्याची जुनी नोंद पाहून जाहिरातीत "एफएचए चालेल" असं बिनधास्त लिहिलं होतं. मुदतीची तारीख त्याने पाहिलीच नाही.

२. रस्ता ठरवा: अख्खा प्रकल्प की एकच घर

१५ ऑक्टोबर २०१९ पासून नवा नियम लागू झाला आणि दोन रस्ते मोकळे झाले. त्याआधी २०१० पासून एकेका घराला सुटी मान्यता मिळणं बंदच होतं.

पहिला रस्ता अख्ख्या प्रकल्पाच्या मान्यतेचा. ती तीन वर्षं टिकते (पूर्वी दोनच वर्षं होती) आणि तिचा फायदा प्रत्येक घराला होतो.

दुसरा रस्ता एका घरापुरत्या मान्यतेचा. हे काम गिऱ्हाइकाची बँक करते. त्यासाठी प्रकल्प बांधून पूर्ण झालेला हवा आणि त्यात किमान पाच घरं हवीत. दहा किंवा जास्त घरं असतील तर एफएचए कर्ज असलेली घरं दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत, दहापेक्षा कमी घरं असतील तर अशी कर्जं दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. कर्जदाराचा अर्जही एफएचएच्या संगणकीय छाननीत थेट पास व्हावा लागतो, नाहीतर किमान दहा टक्के डाउन पेमेंट भरावं लागतं.

दुसरा रस्ता जवळचा वाटतो, पण असोसिएशनची प्रश्नावली तिथेही चुकत नाही. फॉर्म क्रमांक ९९९१ मॅनेजमेंट कंपनीकडे येतो, आणि थकबाकी, रिझर्व्ह (मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे), विमा यांचे प्रश्न त्यातही असतात. काकूंच्या वेळी आम्ही हाच प्रयत्न केला आणि विम्यावर आपटलो (त्याबद्दल पुढे येतंच). माझं मत विचाराल तर वीस-पंचवीस घरांहून मोठ्या कॉम्प्लेक्सने सरळ प्रकल्पाची मान्यता घ्यावी. मेहनत जवळजवळ तेवढीच पडते.

३. अर्जाआधी स्वतःच आकडे लावा

ही पायरी गाळून लोक अर्ज करतात आणि मग तोंडघशी पडतात. एक वही घ्या, मॅनेजमेंट कंपनीकडून तीन याद्या मागवा: मालकांची, भाडेकरूंची, थकबाकीची. मग पुढचं एकेक तपासा. हिशेबासाठी आमचीच ९६ घरं धरतो.

थकबाकी. मेंटेनन्स साठ दिवसांहून जास्त थकलेली घरं एकूण घरांच्या १५ टक्क्यांपर्यंतच चालतात, म्हणजे आमच्याकडे १४. आम्ही मोजलं तेव्हा निघाली १७. पण त्यातली चार अशी होती की मालकाने दरमहा फी भरली होती आणि जुना पन्नास डॉलरचा लेट फीचा आकडा मात्र तसाच लोंबत होता. बोर्डाने ठराव करून दोघांचा दंड माफ केला, दोघांनी फोनवर पैसे भरले. १३ उरली. हा आकडा आधी स्वच्छ करा, बाकीचं नंतर.

मालक स्वतः राहतात का. साधारण नियम ५० टक्क्यांचा आहे, म्हणजे आमच्याकडे ४८ घरं. इथे बहुतेक बोर्डं स्वतःचंच नुकसान करून घेतात, कारण मालकाचा टपालाचा पत्ता वेगळा दिसला की ते घर "भाड्याचं" म्हणून धरतात. मालक वर्षाचा काही काळ स्वतः राहत असेल आणि घर वर्षातला बहुतेक काळ भाड्याने दिलेलं नसेल, तर दुसरं घर असूनही ते मालक राहत असलेल्यांत मोजलं जातं. विक्रीला काढलेलं आणि भाड्याला न लावलेलं रिकामं घरही त्यातच येतं. आमच्याकडे हिवाळाभर पुण्याला जाणारी तीन जोडपी आहेत. त्यांची घरं यादीत भाड्याची म्हणून लागली होती, कारण पत्रं मुलांच्या पत्त्यावर जात होती!

५० टक्के जमत नसेल तर ३५ टक्क्यांची सवलत आहे, पण अटी कडक आहेत. रिझर्व्हला बजेटचे किमान २० टक्के जायला हवेत, थकबाकीची घरं १० टक्क्यांच्या आत हवीत आणि तीन वर्षांचे समाधानकारक हिशेब दाखवावे लागतात.

एकाच हातात किती घरं. वीस किंवा अधिक घरांच्या प्रकल्पात एका मालकाकडे १० टक्क्यांहून जास्त घरं चालत नाहीत, वीसपेक्षा कमी असतील तर एकच. संबंधित माणसं आणि कंपन्या एकत्र धरतात. एक घर स्वतःच्या नावावर, तीन घरं कंपनीच्या नावावर आणि दोन भागीदारीत, असं वाटून काही लपत नाही.

रिझर्व्ह. आपल्या सोसायटीत सिंकिंग फंड असतो, तसाच हा. दर महिन्याच्या फीमधून वर्षाला जे गोळा होतं, त्याचे किमान १० टक्के बजेटमध्ये रिझर्व्हसाठी वेगळे दिसायला हवेत. ९६ घरं, प्रत्येकी ३८० डॉलर, म्हणजे वर्षाला ४,३७,७६० डॉलर आणि रिझर्व्हची ओळ किमान ४३,७७६ डॉलरची. आमची होती ३९,०००. उरलेले पावणेपाच हजार "छप्पर दुरुस्ती" या दुसऱ्या ओळीत लपलेले होते. पुढच्या बजेटमध्ये ते जागेवर आणले, फी एक डॉलरनेही वाढली नाही. कमी रक्कम पुरेशी आहे असं सांगणारी अलीकडची रिझर्व्ह स्टडी (पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांना किती पैसे लागतील याचा अहवाल) असेल तर १० टक्क्यांच्या खालीही विचार होतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ही स्टडी तशीही चुकत नाही. ८ जानेवारी २०२४ ला सही झालेल्या राज्याच्या कायद्याने, २५,००० डॉलरहून जास्त सामायिक मालमत्ता असलेल्या असोसिएशनांना ती करावीच लागते. हा कायदा आला फ्लोरिडातल्या सर्फसाइडमुळे. २४ जून २०२१ च्या रात्री तिथली बारा मजली कॉन्डो इमारत कोसळली आणि ९८ माणसं गेली. काँक्रीट कुजत असल्याचा अहवाल होता, दुरुस्तीच्या पैशांवरून मात्र मालकांत वर्षानुवर्षं वाद चालले होते. वार्षिक सभेत "फी वाढवायची नाही" म्हणून हात वर करताना मला आता ती इमारत आठवते.

उरलेले दोन आकडे पटकन. दुकानं, ऑफिसं यांनी व्यापलेली जागा एकूण क्षेत्रफळाच्या ३५ टक्क्यांच्या आत हवी. आणि आधीच एफएचए कर्जावर असलेली घरं निम्म्यापर्यंत पोहोचली की पुढच्या कर्जांना दार बंद होतं.

४. विम्याचा कागद भिंगातून वाचा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त खोळंबा इथेच होतो. बोर्डाला वाटतं, विमा आहे ना, झालं. एफएचए विचारते, किती आहे?

इमारतींचा विमा पुनर्बांधणीच्या १०० टक्के खर्चाइतका हवा. सर्वसाधारण दायित्वाचा, म्हणजे आवारात कोणाला इजा झाली तर भरपाई देणारा, दहा लाख डॉलरचा हवा. पूरक्षेत्रात इमारत येत असेल तर असोसिएशनने पुराचा विमा काढलेला हवा. एडिसनपासून मॅनव्हिलपर्यंत नदी-ओढ्यांच्या काठी पुष्कळ कॉम्प्लेक्स आहेत, त्यामुळे फेमा या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा नकाशा काढून आपली प्रत्येक इमारत बघा. एखाद्या कोपऱ्यातली एकच इमारत पूररेषेत सापडते.

आणि मग तो फिडेलिटी बाँड, म्हणजे असोसिएशनचे पैसे कोणी लांबवले तर त्याचा विमा. वीसहून अधिक घरं असतील तर हा सक्तीचा. रक्कम किती, तर तीन महिन्यांची एकूण फी अधिक रिझर्व्हमध्ये साठलेले पैसे. आमची तीन महिन्यांची फी १,०९,४४० डॉलर आणि रिझर्व्हमध्ये तीन लाख दहा हजार, म्हणजे विमा हवा ४,१९,४४० चा. पॉलिसी होती एक लाखाची, पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी काढलेली. काकूंचा सौदा मोडला तो याच ओळीवर. वाढवायला एजंटने किती मागितले असतील? वर्षाला चारशे डॉलरही नाहीत. पैसे हाताळणारी मॅनेजमेंट कंपनीही या विम्यात यायला हवी, किंवा तिचा स्वतःचा असा विमा हवा. तिला तोंडी विचारू नका, सर्टिफिकेट मागा.

५. फाइल तयार करा

हे कागद एका जागी पीडीएफ करून ठेवा:

- काउंटीत नोंदवलेलं मास्टर डीड, त्याच्या सगळ्या दुरुस्त्यांसह. नोंदणीचा शिक्का दिसला पाहिजे
- बायलॉज आणि असोसिएशनच्या स्थापनेचा दाखला
- नोंदवलेला नकाशा
- चालू वर्षाचं मंजूर बजेट
- ताळेबंद आणि वर्षाचा आजपर्यंतचा जमाखर्च, दोन्ही ९० दिवसांच्या आतले
- मागच्या वर्षाचा जमाखर्च
- रिझर्व्ह स्टडी, असेल तर
- विम्याची सर्व सर्टिफिकेटं
- पूरक्षेत्राचा नकाशा
- मॅनेजमेंट कंपनीशी झालेला करार
- कोर्टकचेरी किंवा खास वर्गणी चालू असेल तर तिचा खुलासा
- प्रश्नावली, फॉर्म क्रमांक ९९९२

मास्टर डीडची दुरुस्ती हमखास हरवलेली असते. आमच्या फाइलीत तिसरी दुरुस्ती होती, दुसरी नव्हती. ती काउंटी क्लर्कच्या कार्यालयातून मिळाली. एक कागद शोधायला तीन आठवडे गेले, तोवर ताळेबंद ९० दिवसांच्या पलीकडे गेला आणि तो पुन्हा मागवावा लागला. म्हणून क्रम असा ठेवा: जुने, न बदलणारे कागद आधी गोळा करा आणि हिशेबाचे कागद अगदी शेवटी मागा.

बायलॉज वाचताना भाड्याच्या कलमावर थांबा. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घरं भाड्याने द्यायला मोकळीक असेल तर अडचण येते, हॉटेलसारखे चालणारे प्रकल्प मान्य होत नाहीत. दावा चालू आहे म्हणून मात्र आपोआप नकार मिळत नाही. पार्किंगवरून भांडणारा शेजारी वेगळा आणि पायाला तडे गेले म्हणून बिल्डरवर केलेला दावा वेगळा. काहीही असलं तरी लिहा, लपवू नका.

६. अर्ज कोण भरणार, सही कोण करणार

अर्ज थेट हडकडे पाठवता येतो, याला इथली मंडळी एच-रॅप म्हणतात. किंवा तसा अधिकार असलेली बँक स्वतः तपासून मान्यता देऊ शकते, ते डेल-रॅप. एच-रॅपचा अर्ज असोसिएशन स्वतः करू शकते, वकील किंवा सल्लागारही करू शकतो. हड स्वतः शुल्क घेत नाही, सल्लागार घेतात. आम्ही सल्लागाराकडून भाव मागवला आणि मग मी स्वतःच बसलो. हे बरोबर केलं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. लहान मुलं असतील आणि वेळ नसेल तर सल्लागार परवडतो, पण तो तुमची थकबाकी कमी करून देणार नाही. तिसरी आणि चौथी पायरी तुम्हालाच करायची आहे.

सहीवरून आमच्या बोर्डात बरीच कुरबूर झाली. फॉर्मवर खोट्या माहितीबद्दल संघीय कायद्याखाली शिक्षेचा इशारा छापलेला असतो, तो वाचून आमचे अध्यक्ष पेन खाली ठेवून बसले. मी प्रत्येक उत्तरासमोर तो आकडा कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावरून घेतला ते पेन्सिलने लिहून दिलं, मग सही झाली. तुम्हीही असंच करा. हडने पुढे दोन खुलासे मागितले तेव्हा ती पेन्सिलच कामी आली.

७. मान्यता आल्यावर

पत्र आलं की मुदतीची तारीख लिहून ठेवा. मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून संपल्यानंतर सहा महिन्यांपर्यंत नूतनीकरणाचा सोपा अर्ज करता येतो. तो काळ हुकला की पुन्हा पहिल्यापासून पूर्ण अर्ज, सगळ्या कागदांसह. बोर्डाची माणसं दर वर्षी बदलतात, म्हणून तारीख कोणा एकाच्या डोक्यात ठेवू नका. आमची मॅनेजमेंट कंपनीच्या करारातच एक कलम म्हणून घातली आहे.

ही मान्यता म्हणजे सगळीकडे चालणारा परवाना नव्हे. माजी सैनिकांच्या कर्जासाठी व्हीएची यादी वेगळी असते आणि तिला वेगळा अर्ज लागतो. बँकांकडून साधी कर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांचे निकष आणखी वेगळे. सर्फसाइडनंतर, २०२२ पासून, रखडलेल्या मोठ्या दुरुस्त्यांबद्दल ते खोदून विचारतात. पण एकदा ही फाइल तयार असली की त्यांच्या प्रश्नावलीची उत्तरं त्यातूनच निघतात. गेल्या वर्षी आमच्याकडे अशा चार प्रश्नावल्या आल्या, प्रत्येकीला संध्याकाळचा एक तास पुरला.

रहिवाशांना कळवायला विसरू नका. आम्ही टपालपेट्यांच्या शेडमध्ये कागद लावला, त्यावर मान्यतेचा क्रमांक आणि मुदतीची तारीख ठळक लिहिली. घर विकायला काढणारा आधी तिथेच येतो, रिअल्टरला दाखवायला फोटो काढतो आणि जातो.